एक वर्षाची सक्तमजुरी : बालअत्याचारविरोधी कायद्याची दीडशे वर्षे

जुलै १८९०. कलकत्ता उच्च न्यायालयात हरिमोहन मैती नावाच्या, पस्तिशीच्या आसपासच्या एका माणसावर खटला उभा राहिला. त्याची पत्नी फुलमणी दासी जून महिन्यात मरण पावली होती. तिचे वय अकराच्या आतबाहेर. नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधात झालेल्या इजेमुळे तिचा मृत्यू ओढवला, हे वैद्यकीय पुराव्याने पुरेसे स्पष्ट होते. तरीही न्यायमूर्ती विल्सन यांच्यासमोर बलात्काराचा आरोप टिकण्यासारखा नव्हता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत दहा वर्षांखालील मुलीशी केलेला संबंध, मग तो नवऱ्याने केलेला का असेना, बलात्कार ठरत असे. फुलमणीने दहावे वर्ष ओलांडले होते. निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत केल्याच्या कलमाखाली मैती दोषी ठरला आणि त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

या खटल्यातील एक विसंगती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी बलात्काराची शिक्षा सौम्य नव्हती. जन्मठेपेचे काळे पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड, अशी तरतूद १८६० पासूनच होती. म्हणजे कठोर शिक्षा पुस्तकात हजर होती. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र ‘दहा’ या आकड्यापाशी बंद होत होती. बालकांवरील अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा पुढचा इतिहास ‘शिक्षा वाढत गेली’ एवढ्याच वाक्यात सांगितला जातो. तो तितका सरळ नाही. शिक्षेच्या आकड्याइतकीच झुंज आणखी तीन गोष्टींवर झाली : बालक कोणाला म्हणायचे, गुन्हा कशाला म्हणायचे आणि तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचे.

फुलमणीच्या मृत्यूने जी ठिणगी पडली, तिच्यासाठी दारूगोळा मुंबई इलाख्यात आधीच साठला होता. ऑगस्ट १८८४ मध्ये ‘इंडियन स्पेक्टेटर’चे पारशी संपादक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन टिपणे प्रसिद्ध करून सरकारकडे हस्तक्षेपाची मागणी केली. त्यावर देशभरातून मते मागवली गेली. पुण्यातून जोतीराव फुले यांनीही आपले मत नोंदवले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई हिने नांदायला यावे म्हणून दावा लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते, त्या सासरी कधी गेल्या नव्हत्या आणि जाण्यास त्यांचा साफ नकार होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला, अपिलात तो निर्णय उलटला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिणारी स्त्री त्याच होत. या साऱ्या वादात, ज्या मुलीविषयी बोलले जात होते तिचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो जवळजवळ याच एका ठिकाणी.

९ जानेवारी १८९१ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचे विधेयक मांडले. दहाची मर्यादा बारावर नेणे, एवढाच त्याचा गाभा. शिक्षा तीच राहणार होती. या दोन वर्षांच्या फरकावरून पुण्यात जे रण माजले, त्याची कल्पना आज येणे कठीण आहे. ‘केसरी’तून बाळ गंगाधर टिळकांनी विधेयकाला कडाडून विरोध केला. तो विरोध बालविवाहाच्या प्रेमातून आलेला नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. आदल्याच वर्षी त्यांनी सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता की मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलग्यांची विसाच्या आत न करण्याचे सुधारकांनी स्वतःवर बंधन घालून घ्यावे. त्यांचे म्हणणे असे की सुधारणा समाजाने आतून करावी. परक्या सरकारच्या फौजदारी कायद्याला आणि त्याच्या पोलिसाला घराच्या माजघरापर्यंत येऊ देऊ नये. दुसऱ्या बाजूला ‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर, न्यायमूर्ती रानडे आणि न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग उभे होते. सतीची चाल कायद्याने बंद करता आली, तर हीच का नाही, हा सुधारकांचा रोकडा प्रश्न होता. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तर शास्त्रार्थाच्याच मैदानात उतरून स्वतंत्र निबंध लिहिला आणि गर्भाधान लांबवण्यास धर्मशास्त्राची आडकाठी नाही असे प्रतिपादले. टिळकांनी त्याला उत्तर दिले. पुण्यात सुधारकांची सभा उधळली गेली.

दोन्हीकडचे पांडित्य अफाट होते. पण स्मृतिवचनांच्या या चढाओढीत मुलीच्या शरीराला काय होते, हा प्रश्न बाजूला पडला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. तो प्रश्न मांडला दवाखान्यातल्या स्त्रियांनी. लखनौच्या डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने पन्नासहून अधिक स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयला अर्ज केला आणि त्यात प्रत्यक्ष उपचार केलेल्या बालपत्नींच्या इजांची यादीच जोडली. त्या काळच्या साऱ्या कागदपत्रांत सर्वांत कमी शब्दांत सर्वाधिक सांगणारा दस्तऐवज कदाचित हाच असेल.

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झाले आणि १८९१ चा दहावा कायदा अस्तित्वात आला. सुधारकांनी विजय मानला. विरोधकांनी धर्म बुडाल्याचे जाहीर केले. दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटलेली खरी मेख मात्र फौजदारी प्रक्रियेत होती. आरोपी जर नवरा असेल, तर मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट आणि इतरत्र जिल्हा मॅजिस्ट्रेट यांच्याखेरीज अन्य कोणीही त्या गुन्ह्याची दखल घ्यायची नाही, आणि तपास करायचाच झाला तर इन्स्पेक्टरच्या खालच्या हुद्द्याच्या पोलिसाने तो करायचा नाही, असे बंधन घालण्यात आले. हेतू सरळ होता : घराघरांत पोलीस घुसतील ही भीती शमवणे. परिणाम काय झाला, हे समजण्यासाठी नकाशा समोर ठेवावा लागतो.

जासईचे उदाहरण घ्या. पनवेल-उरणच्या खाडीपट्ट्यातले, भातशेती आणि मिठागरांच्या मुलखातले हे गाव आज १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे आणि दि. बा. पाटलांच्या जन्मगावामुळे सर्वांना परिचित आहे. १८९१ मध्ये हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत होता आणि जिल्हा मॅजिस्ट्रेटचे ठाणे अलिबागला होते. मध्ये धरमतरची खाडी. म्हणजे जासईच्या एखाद्या बारा वर्षांखालच्या मुलीसाठी या कायद्याचे दार उघडायचे, तर तिच्या वतीने कोणीतरी मोठ्या माणसाने, स्वतःच्याच जावयाविरुद्ध, गावपाटील आणि मामलेदार यांना वगळून, खाडी ओलांडून कलेक्टरपुढे उभे राहायचे. इतके करूनही मुलीचे वय सिद्ध करायचे कसे? जन्माची नोंद बहुतेक घरांत पंचांगातल्या तिथीपलीकडे नव्हती. कायदा होता, शिक्षाही जबर होती. वाट मात्र खाडीपलीकडून जात होती.

पुढची तीन दशके हा कायदा बहुतांशी कागदावरच राहिला. मग सर हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनंतर १९२५ मध्ये मर्यादा पुन्हा सरकली : परक्या पुरुषासाठी चौदा, नवऱ्यासाठी तेरा. या दुरुस्तीत एक बारीक कलम आले. पत्नी बारा ते तेरा वर्षांची असेल, तर नवऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे कैद. एकच कृत्य, एकाच वयाची मुलगी. परका असेल तर काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा आणि नवरा असेल तर दोन वर्षे. ‘कायदा कडक झाला’ असे वर्तमानपत्री मथळे वाचताना ही उतरंडही पाहायला हवी.

१९२८ मध्ये सरकारने नेमलेल्या संमतिवय समितीचे अध्यक्ष होते अमरावतीचे सर मोरोपंत विश्वनाथ जोशी. समितीने देशभर फिरून साक्षी नोंदवल्या आणि १९२९ मध्ये अहवाल दिला. सामान्य माणसाला संमतिवयाचा कायदा असल्याचा पत्ताच नाही, असे समितीला जागोजाग आढळले. ज्या कायद्याने पुणे दुभंगले होते, त्याचे नाव खेड्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. नुसते संमतिवय वाढवून भागणार नाही, लग्नाचेच वय कायद्याने ठरवावे लागेल, असा समितीचा निष्कर्ष होता.

त्याच वर्षी शारदा कायदा झाला : मुलीसाठी चौदा, मुलासाठी अठरा. एकवीस वर्षांवरच्या पुरुषाने बालिकेशी लग्न केले, तर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिक्षा अशी किरकोळ. आणि दार पुन्हा तेच. दखल फक्त प्रेसिडेन्सी किंवा जिल्हा मॅजिस्ट्रेटने घ्यायची, तक्रार वर्षाच्या आत करायची, शिवाय फिर्यादीकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीनकतबा लिहून घेण्याची तरतूद. त्या काळचे शंभर रुपये म्हणजे शेतमजुराच्या कित्येक महिन्यांची कमाई. कायद्याला ऑक्टोबर १९२९ मध्ये मंजुरी मिळाली आणि अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत घाईघाईने बालविवाहांचे जे पेव फुटले, त्याचे पडसाद १९३१ च्या खानेसुमारीच्या अहवालातही उमटले आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये आकडे सोळा आणि, पत्नी असल्यास, पंधरा असे झाले. त्यापुढची तीन दशके फारसे काही हलले नाही.

ते हलले चंद्रपूर जिल्ह्यातून. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. डॉक्टरांच्या मते तिचे वय चौदा ते सोळा. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तेव्हा तिची संमती होती, असा तर्क त्यामागे होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काची चिरफाड केली. देशभर निदर्शने झाली. १९८३ च्या दुरुस्तीने बलात्काराला प्रथमच किमान शिक्षा आली : सात वर्षे, आणि बारा वर्षांखालील मुलगी किंवा पोलीस कोठडी यांसारख्या प्रकरणांत दहा. पीडितेची ओळख छापण्यास मनाई करणारे कलमही याच दुरुस्तीतले. तो खटला आजही त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो, हा इतिहासाचा एक उपरोधच.

येथवर कायद्याच्या नजरेत बळी ठरणारे बालक म्हणजे मुलगीच होती. मुलग्यावरील अत्याचारासाठी ‘अनैसर्गिक कृत्या’चे ३७७ वे कलम ओढूनताणून वापरावे लागे. ही उणीव भरून काढण्याचे पहिले पाऊल उचलले गोव्याने. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स या परदेशी इसमाला अटक झाली. अनाथाश्रमाच्या आडून तो मुलग्यांचे शोषण करत होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या धक्क्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे २००३ मध्ये गोवा बाल कायदा आला. बालकांच्या लैंगिक शोषणाची स्वतंत्र व्याख्या, स्वतंत्र बाल न्यायालय, इतकेच नव्हे तर फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्याला बालकांची अश्लील छायाचित्रे आढळल्यास पोलिसांना कळवण्याचे बंधन, असे बरेच काही त्यात होते. देशाचा कायदा याच्या नऊ वर्षांनी आला. गोव्याच्या या कायद्याची इतिहासात फारशी दखल घेतली गेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, ‘पोक्सो’ अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक, मग मुलगी असो वा मुलगा. बहुतेक जण या कायद्यातील शिक्षा लक्षात ठेवतात. त्याचे वेगळेपण मात्र प्रक्रियेच्या कलमांत आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. घेणारा अधिकारी शक्यतो स्त्री आणि गणवेशात नसावा. आरोपी बालकाच्या नजरेसमोर येऊ नये. साक्षीसाठी पुनःपुन्हा कोर्टात बोलावू नये. शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. गुन्हा ठाऊक असून न कळवणे हाच गुन्हा. १८९१ च्या कायद्याने पोलिसाला दूर ठेवण्यासाठी दार खाडीपलीकडे नेले होते. या कायद्याने गणवेश उतरवून पोलिसाला बालकाच्या दारात आणले. जासई परिसरातून आज नजीकच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते आणि पोक्सोचे खटले पनवेलच्या सत्र न्यायालयातही चालतात.

यानंतर मात्र चर्चेचा रोख पुन्हा शिक्षेकडेच वळला. एप्रिल २०१८ मध्ये वटहुकूम निघून बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला फाशीपर्यंतची तरतूद झाली. २०१९ मध्ये पोक्सोतही दुरुस्ती होऊन गंभीर स्वरूपाच्या गुन्ह्यांत किमान वीस वर्षे ते मृत्युदंड अशी शिक्षा आली. लोकभावना तीव्र होती आणि ती समजण्यासारखी होती.

जड शिक्षा कायद्याच्या अर्थावर कसा भार टाकते, हे दोनच वर्षांत नागपुरात दिसले. बारा वर्षांच्या एका मुलीशी एका प्रौढाने केलेल्या गैरवर्तनाचे २०१६ मधील प्रकरण होते. सत्र न्यायालयाने पोक्सोखाली तीन वर्षे शिक्षा दिली. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी ती बदलली. स्पर्श कपड्यांवरून झाला, त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही, म्हणून तो पोक्सोतील लैंगिक हल्ला नव्हे; विनयभंगाच्या जुन्या कलमाखाली एक वर्ष पुरे. या निकालातील एक मुद्दा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष पाहावा. या गुन्ह्याची शिक्षा कठोर असल्याने पुरावाही तितकाच काटेकोर हवा, असे न्यायालयाने नमूद केले होते. शिक्षा जड म्हणून व्याख्या आवळली. फुलमणीच्या खटल्यात आकड्याने जे केले, ते येथे एका शब्दाच्या अर्थाने केले. आणि हातात उरलेली शिक्षाही योगायोगाने तितकीच, एक वर्ष.

महाराष्ट्र शासन, राष्ट्रीय महिला आयोग आणि खुद्द महान्यायवादी के. के. वेणुगोपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. असा अर्थ लावला तर हातमोजे घालून स्पर्श करणारा सुटेल, असे वेणुगोपाल यांनी निदर्शनास आणले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळीत, रवींद्र भट आणि बेला त्रिवेदी यांच्या पीठाने नागपूरचा निकाल रद्द केला. महत्त्व हेतूला आहे, कापडाला नाही, असा त्याचा आशय. तीन वर्षांची शिक्षा पुन्हा लागू झाली.

नवऱ्याला मिळणारी सूटही दरम्यान मोडली होती. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘इंडिपेन्डन्ट थॉट’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पत्नीसाठीची पंधराची मर्यादा अठरावर नेली. १८९१ मध्ये दहावरून बारावर जाण्यासाठी जेवढा गदारोळ झाला, त्याचा शतांशही पंधरावरून अठरावर जाताना झाला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही हीच मर्यादा कायम आहे.

आता वाद आकड्याच्या दुसऱ्या टोकाला सुरू आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी आपखुशीने ठेवलेल्या संबंधांतही पोक्सो लागतो, मुलीचे पालक फिर्याद करतात, आणि किमान शिक्षा ठरलेली असल्याने न्यायाधीशाचे हात बांधले जातात, अशी खंत मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी व्यक्त केली. सप्टेंबर २०२३ मधील आपल्या २८३ व्या अहवालात विधी आयोगाने वय अठराखाली आणू नये असाच सल्ला दिला. मात्र सोळा ते अठरा या वयोगटातील अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायालयाला मार्गदर्शक निकषांसह विवेकाधिकार द्यावा, अशी शिफारस केली.